बंगल्यावर उचललेला फोन

माझ्या वडिलांचा जीव एका टेलिफोनच्या जोडणीवर अडकला होता आणि ती जोडणी करणारी मीच होते. असं सरळ सांगितलं की लोकांना वाटतं, बाई वाढवून सांगते. म्हणून आधी तो बोर्ड काय होता ते सांगते, मग ज्याला जे वाटायचं ते वाटू द्या.

आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी ऑपरेटर होते. कारखान्याचं नाव सांगून आता कोणाचं भलं होणार नाही. फाटकाच्या आत डाव्या हाताला एक खोली, खोलीत लाकडी बोर्ड, बोर्डावर ओळीनं भोकं आणि प्रत्येक भोकापाशी एक बारका दिवा. फोन आला की दिवा लागायचा. मी वायरची पिन आत घालायची, कोण पाहिजे ते विचारायचं आणि वायरचं दुसरं टोक ज्याच्या त्याच्या भोकात घालून घंटी द्यायची. समोरच्यानं रिसीव्हर उचलला की त्याचा दिवा विझायचा, बोलून खाली ठेवला की परत लागायचा. दिवा विझला की मी माझी कळ बंद करायची, म्हणजे त्या दोघांचं बोलणं माझ्या कानावर येत नसे. "आपण जोडायचं, ऐकायचं नाही," हे मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आमच्या बौद्ध वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी येरमाळ्याहून पेढे आणून वस्तीत घरोघर वाटले होते. तेव्हा नियम मोडायच्या भानगडीत मी पडत नव्हते.

मग दुष्काळ आला आणि बसला. ऊसच नाही तर गाळप कसलं? कारखाना बंद झाला, अर्धी माणसं घरी बसवली. पण फोन काही बंद होईनात. कारखान्याच्या गाड्यांना टाक्या बसवून त्यांचे टँकर केले होते. गुरांची छावणी होती. शिवाय कारखान्याची एक यारी होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभं करायचं लोखंडी यंत्र, इंजिनावर चालायचं आणि खालचा दगड-गाळ साखळीनं वर ओढायचं. त्यामुळं सगळा तालुका आमच्याकडंच फोन करायचा. कोणाच्या गावाला टँकर आला नाही, कोणाची गुरं छावणीच्या दारात मरायला टेकली. दिवसभर मी तेच ऐकायचे. घरी आले की आईनं हाक मारली तरी मला नको वाटायचं.

माणसं कमी झाल्यावर कोणाचा फोन कुठं द्यायचा हा घोळ सुरू झाला. मग मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून बसवलं आणि सगळं लावून दिलं. टँकरचा नाहीतर यारीचा फोन आला की आधी गॅरेज. गॅरेजमध्ये कोणी उचललं नाही तर स्टोअर. स्टोअर बंद असलं तर ते स्वतः. ते दौऱ्यावर असले तर चेअरमनसाहेबांचा बंगला. बंगला कारखान्यापासून लांब, साहेबांच्या शेतात होता, पण तिथवर आमची स्वतःची लाईन टाकलेली होती.

"आणि बंगल्यावर नाही उचलला तर?" मी विचारलं.

ते हसले. "बंगल्यावर उचलतातच."

ते खोटं नव्हतं. बंगल्याचा दिवा पहिल्या नाहीतर दुसऱ्या घंटीला विझायचाच.

माझे वडील तेव्हा आमच्याच गावच्या विहिरीवर कामाला होते. गावाची विहीर आटली होती, ती खोल करायचं काम चाललं होतं. खडक फोडायचा, दगड टोपल्यात भरायचे, टोपली वर पाठवायची. कारखान्याची यारी तिथं होती तोवर बरं चाललं होतं. मग एका सकाळी गाडी आली आणि दोन दिवसांत परत आणतो म्हणून यारी घेऊन गेली. कुठं नेली, कोणी सांगितलं नाही. दोन दिवसांचे किती झाले ते विचारू नका. वडील मला म्हणाले होते, "तू बोर्डावर हायस, जरा इचार की साहेबांस्नी." मी मॅनेजरसाहेबांना विचारलं, ते म्हणाले बघतो. इकडं गावात दोरखंडानं आणि हातानं काम चालू राहिलं, कारण काम थांबलं की मजुरी थांबायची.

त्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की बोर्डाच्या पिनासुद्धा हाताला चटका देत होत्या. बाहेरच्या लाईनचा दिवा लागला. आमच्या गावचे पोस्टमास्तर होते. गावात फोन म्हणाल तर तेवढा एकच, पोस्टातला. त्यांना दम लागला होता.

"हिरीची दरड कोसळली. माणसं आत हायती. मोठाले दगड पडल्यात, हातानं हलंनात. यारी पाठवा म्हणावं, लगोलग."

"कोण कोण आत आहे?"

"तुझा बा बी हाय, पोरी. कन्हतोय, वरनं आवाज येतोय त्याचा. तू साहेबांना जोडून दे."

मी जोडायला लागले. गॅरेजला घंटी दिली. वाजत राहिली. सगळे ड्रायव्हर टँकरवर गेलेले, मेस्त्री कुठं तरी पंक्चर काढत असणार. स्टोअरला दिली. वाजत राहिली. स्टोअरकीपर दुपारी घरी जेवायला जायचा आणि जेवून झोपायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजरसाहेब मीटिंगला धाराशिवला. पिन भोकात नीट जाईना. शेवटी बंगल्याला घंटी दिली आणि दुसऱ्याच घंटीला दिवा विझला. मी पोस्टमास्तरांना म्हटलं, "बंगल्यावर उचललाय, बोला," आणि सवयीनं कळ बंद केली.

मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. दोन्ही दिवे विझलेले होते, म्हणजे बोलणं चालू होतं. आता साहेब गाडी पाठवतील. मी डोळे मिटून बुद्धवंदना म्हणायला लागले, अर्धी विसरले, परत पहिल्यापासून म्हटली. दिवे विझलेलेच. आणि मग माझ्या मनात आलं, चेअरमनसाहेब एवढं बोलतात कधी? 'बरं', 'बघतो', 'पाठवतो', एवढ्यात त्यांचा फोन संपायचा. एका खेड्यातल्या पोस्टमास्तरशी ते इतका वेळ काय बोलत असतील?

मी कळ उघडली.

पोस्टमास्तरांचा श्वास ऐकू येत होता. बंगल्याच्या बाजूनं कोंबड्यांचा आवाज येत होता आणि कोणी तरी भांडी घासत होतं.

"मास्तर, साहेब काय म्हणाले?"

"आजून आले न्हायती. उचललाय, बोलवाया गेल्यात."

"कोण गेलंय? कोणी बोललं का तुमच्याशी?"

"न्हाय. पर उचललाय नव्हं. येतील की."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या घरात दुपारी साहेब झोपायचे. मुलगा सोलापुरात. घरात सून. सासरे झोपलेत, घंटीनं जागे होतील, म्हणून ती धावत येऊन रिसीव्हर उचलायची. परक्या पुरुषाशी तिनं बोलायचं नाही, आणि फोन करणारे सगळे परके पुरुषच. आणि फोन तोडायचा कसा, कोणी मोठा माणूस असला तर? म्हणून ती रिसीव्हर तसाच बाजूला ठेवून आपल्या कामाला जायची. इकडं फोन करणाऱ्याला वाटायचं, साहेबांना बोलवायला गेले. साहेबांच्या घरचा फोन आपण कसा ठेवायचा? मग तो बिचारा कान लावून उभा राहायचा, एक्सचेंजनं दिलेली बोलायची वेळ संपेस्तोवर. किती गावांनी असा कान लावून पाणी मागितलं असेल! आणि बोर्डावर मी समजत होते, बंगल्यावर उचलतातच.

आता परत घंटी देऊन उपयोग नव्हता. रिसीव्हर बाजूला पडलेला, घंटी वाजणार कशी? ज्यानं सगळ्यात शेवटी उचलायचं त्यानं उचलून ठेवलं होतं आणि त्याच्या पुढं जोडायला माझ्याकडं भोक नव्हतं. मी खिडकीतून फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनला ओरडून सांगितलं, सायकल काढा, बंगल्यावर जा, साहेबांना उठवा. तो निघाला. पण त्या उन्हात, त्या वाटेनं, त्या वयाचा माणूस कधी पोचणार?

मी बोर्डाला तोंड लावून ओरडायला लागले. "वहिनीसाहेब! अहो वहिनीसाहेब! मी बाई बोलते, पुरुष नाही! बाईमाणूस आहे मी!" पोस्टमास्तर मध्ये म्हणाले, "हळू गं, साहेब जागं हुतील." माझं टाळकं फिरलं. "होऊ द्या ना जागे! त्याच्यासाठीच बोंबलतेय ना मी?" बापाच्या वयाच्या माणसाशी मी पहिल्यांदाच तसं बोलले. आणि परत ओरडत राहिले. घसा बसला, तरी ओरडत राहिले. माझा बाप कण्हत होता आणि मी कोंबड्यांना हाका मारत होते.

भांड्यांचा आवाज थांबला. बांगड्या वाजल्या.

"कोन हाय?" अगदी दबकं.

"वहिनीसाहेब, ठेवू नका. मी कारखान्याच्या बोर्डावरून बोलते. विहीर कोसळलीय, माझे वडील खाली अडकलेत. साहेबांना उठवा. यारी पाठवायला पाहिजे."

"मामंजी झोपल्यात," ती म्हणाली. तेवढंच. तिच्या लेखी ते कारण पुरेसं होतं.

"माझा बाप मरतोय हो वहिनी."

मला वाटलं, ठेवला परत. मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "यारी हितंच हाय. आमच्या हिरीवर. गाडी बी हाय. मानसं झाडाखाली जेवाया बसल्यात."

मला काय वाटलं ते लिहिता येण्यासारखं नाही. गावाच्या विहिरीवरून उचललेली यारी साहेबांच्या बागेत उभी होती आणि मी ती साऱ्या तालुक्यात शोधत होते. पण रागावायलासुद्धा सवड नव्हती.

"त्यांना सांगा वहिनी. तुम्हीच सांगा."

"म्या?"

"तुम्हीच. दुसरं कोण आहे तिथं?" मी म्हटलं आणि गावाचं नाव सांगितलं.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी ऐकत राहिले. दार वाजलं. आणि मग लांबून, अंगणाच्या पलीकडून तिचा आवाज आला. आधी चिरका, मग मोठा. "मामंजी सांगत्यात, यारी उचला आन् निघा! मानूस अडकलाय!" गावाचं नावही तिनं ओरडून सांगितलं. पुरुषांचं बोलणं एकदम थांबलं. थोड्या वेळानं साखळ्यांचा खडखडाट झाला आणि गाडीचं इंजिन सुरू झालं.

"मास्तर," मी म्हटलं, "गाडी निघाली."

"देवा," ते म्हणाले.

दुष्काळाचा फोन म्हणून तालुक्याच्या एक्सचेंजमधल्या माणसानं लाईन तोडली नाही, ती त्याची मेहेरबानी. पोस्टमास्तर कानाला रिसीव्हर लावून बसून राहिले. विहिरीवरून कोणी ना कोणी पळत यायचं, त्यांना सांगायचं, ते मला सांगायचे. एकाला हातानंच काढलं, पाय मोडलाय. यारी दिसली, फुफाटा उठलाय. यारी उभी केली. दगडाला साखळी घातली. एक दगड आला. दुसरा आला. माझ्या बोर्डावर इकडं दोन-तीन दिवे लागले होते, कोणाला तरी पाणी पाहिजे होतं. मी त्यांच्याकडं पाहत होते आणि हात उचलत नव्हता.

शेवटी मीच विचारलं.

"काढला का?"

"काढला."

"मग?"

"गेला, पोरी. वर आनला तवा अंग गरम हुतं."

एवढं म्हणून ते रडायला लागले. अंग गरम होतं. म्हणजे तो रिसीव्हर टेबलावर नुसता पडून होता, तेवढ्या वेळापूर्वी माझा बाप जिवंत होता. डॉक्टर नव्हता, कोणी ठामपणे सांगितलं नाही, पण मला सांगायची गरजही नव्हती. मी रडले नाही. मला चेअरमनच्या घराला, मॅनेजरला, त्या बोर्डाला, सगळ्याला काडी लावावीशी वाटत होती. त्या बाईलासुद्धा. हो, तिलासुद्धा. उचललास तर बोलायचं होतंस ना, एक शब्द बोलायचा होतास.

पोस्टमास्तरांनी फोन ठेवला; बंगल्यावरचा मघाशीच कोणी तरी जागेवर ठेवला होता, म्हणून मी दोन्ही वायरी काढल्या. मी हेडफोन काढायला गेले, एवढ्यात बंगल्याचा दिवा लागला. बंगल्यानं मला बोलवावं असं कधी झालं नव्हतं. साहेब असणार असं वाटलं. वॉचमन एव्हाना पोचला असेल, साहेब उठले असतील. मी पिन घातली.

तीच होती. भरभर, कुजबुजत बोलत होती. "ताई, तुमचं वडील... निघालं का?"

तिच्या मागं खोलीत साहेबांचा आवाज चढला होता. "कुनाला इचारून गाडी सोडलीस? माझं नाव कुनी सांगितलं घ्यायला? गड्यांपुढं बोंबलत गेलीस? आता कुनाशी बोलतीस?"

माझ्या ओठावर आलं होतं. गेले, म्हणायचं होतं, तुझ्यामुळं गेले. पण आता त्या घरात तिचं काय होणार हे मला त्या आवाजावरूनच कळलं. जन्मात पहिल्यांदा ती उंबरा ओलांडून पुरुषांपुढं बोलली होती, आणि ते वाया गेलं हे तिला मी सांगायचं होतं.

"सुखरूप आहेत," मी म्हटलं. "तुमच्यामुळं वाचले."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. मागून कोणी तरी रिसीव्हर हिसकावून घेतला आणि दिवा लागला. मी वायर काढली, खोलीला कडी घातली आणि बापाला माती द्यायला गावाच्या वाटेला लागले.