सीलकाकांची वाकडी सही

सीलकाकांइतका भित्रा माणूस मी सरकारी नोकरीत पाहिला नाही. जीप एखाद्या तबेल्याच्या फाटकातून आत शिरायच्या आधीच त्यांच्या कपाळावर घाम यायचा, आणि ते तो लपवतही नसत. "आपल्याला भीती वाटते बुवा," असं जाहीर करायचे. "हात थरथरले तरी चालतं. पाय मागे येता कामा नयेत."

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं नवी मुंबईत, प्रदूषणाच्या खात्यात होतो. मी प्रयोगशाळेत नवी, ते पाण्याचे नमुने घेणारे. नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं, बुचावर लाख वितळवून सील करायचं आणि चिठ्ठीवर जागच्या जागी सही करायची. लाखेला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, म्हणून सीलकाका.

खाडीलगत शेकडो म्हशींचा एक तबेला होता. शेण-मूत सरळ नाल्यात, नाला खाडीत. जवळच्या दिवाळे गावच्या कोळणी ऑफिसात येऊन ओरडून गेल्या, "ताई, जाल्यात मासली नाय, शेन येतं. पोरांना काय घालू?" म्हणून आम्ही गेलो.

बाटली भरेपर्यंत दहा-बारा माणसं काठ्या घेऊन भोवती उभी राहिली. तबेल्याचा शेठ हसत म्हणाला, "काका, पोरगी कोपरखैरण्याला क्लासला जाते ना? सांभाळा, हल्ली ट्रक फार झालेत."

काकांच्या तीन काड्या विझल्या. चौथी मी पेटवून धरली. लाख लागली. सही मात्र नाव वाचता येऊ नये अशी आली. पण काका जागचे हलले नाहीत.

कोर्टात शेठच्या वकिलाने नेमकी तीच उचलली. हजेरीपुस्तकातली काकांची सही गोल, वळणदार. चिठ्ठीवरची त्यांची नव्हेच, नमुना बनावट! नमुना बाद झाला की तबेला सुटणार होता.

काका उठले. "सही माझीच, साहेब. घाबरलो होतो. पोरीचा विषय काढला, भोवती काठ्या होत्या. ती माणसं इथं उभी करा, पुन्हा तश्शीच करून दाखवतो."

कोणी हसलं नाही. कोर्टाने नमुना ग्राह्य धरला. तबेल्याचं पाणी नाल्यात सोडायचं नाही, असा हुकूम निघाला.

त्यानंतर काका रोज मुलीला स्वतः क्लासला पोचवत, रस्त्याच्या आतल्या बाजूने चालवत. मग बदली मागून दूर निघून गेले. पत्ता कोणाला दिला नाही. मीही मागितला नाही. मला कोणी दरडावून विचारलं, तर सांगता येऊ नये म्हणून.

आता नमुने घेणारी माणसं माझ्या हाताखाली आहेत. सही वाकडी आली की दुसरी चिठ्ठी मागतात. मी देत नाही.