भोईरांचा मेनू

'परत आलेला माल' हे काम संगणकावरच्या मेनूत नव्यानं कुठे हलवलंय, एवढंच विचारायला मी त्या सकाळी भोईरांना फोन लावला. दोन दिवस ते रजेवर होते. फोन मुलीनं उचलला. "मॅडम, बाबा न्हाय हो आता... पहाटे गेले." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. 'बरं' काय म्हणाले मी, याची लाज अजून जात नाही.

भिवंडीतल्या आमच्या कापडाच्या गोदामात संगणकाचा कारभार सुरू झाला तेव्हापासून आम्ही दोघं एका खोलीत समोरासमोर बसायचो. मी मास्तरांची मुलगी, शुद्धलेखनाची शिस्त अंगात मुरलेली. भोईर दिघाशी गावचे, आधी लूमवर सुपरवायझर. सॉफ्टवेअरवाल्यांनी दिलेला मेनू विभागवार होता... 'आवक व्यवहार नोंदणी', 'साठा समायोजन' असली भारदस्त नावं. गेटवर उभ्या गाडीची नोंद करायची तर एकात एक असे पाच मेनू उघडायचे. नमनालाच घडाभर तेल. भोईर वही घेऊन तीन दिवस माल उतरवायच्या जागी जाऊन बसले आणि माणसं कशाला काय म्हणतात ते लिहीत राहिले. मग त्यांनी सगळी कामं दिवसाच्या क्रमानं लावली आणि नावं दिली : 'गाडी आली', 'माल उतरवला', 'कमी भरला', 'फाटका निघाला'.

मी भडकलेच. "भोईर, हे ऑफिसचं सॉफ्टवेअर आहे, चहाची टपरी नाही."

"मॅडम, जे तोंडात हाय तेच पडद्यावर पायजे. शोधायला लागलं म्हंजे नाव चुकलं."

गेटवरच्या अस्लमभाईंना त्यांनी पडदा दाखवला. ते हसून म्हणाले, "ये तो अपुन जैसा बोलते, वैसाच है." त्यानंतर महिन्याभरात 'मॅडम, कुठे दाबू?' असे फोन यायचे थांबले. मी हरले होते आणि मनातून सुटकाही वाटली होती, पण ते भोईरांना कधी सांगितलं नाही.

माणूस तसा हट्टी. 'शिल्लक' म्हणायचं की 'उरलेला माल', यावर आमचा आठ दिवस अबोला होता. बोलणंही मोजकंच. माझे यजमान गेले, महिन्याच्या रजेनंतर मी कामावर आले, तेव्हा सगळे जवळ येऊन काहीबाही बोलून गेले. भोईर फक्त म्हणाले, "आलात? बरं झालं." आणि मान खाली घालून कामाला लागले. मला त्याचा फार राग आला होता. इतकी वर्षं समोर बसणाऱ्या माणसाला दोन शब्द सापडू नयेत? हा राग मी पुढे कितीतरी दिवस धरून ठेवला.

भोईरांच्या पश्चात, गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं : सगळ्या शाखांचा मेनू एकसारखा हवा, मूळ नावं परत आणा. आहेत ती नावं राहू द्या, अशी मी दोनदा विनंती केली. उत्तर आलं नाही, स्मरणपत्र तेवढं आलं. मग एका दुपारी मीच बसले आणि भोईरांची नावं एकेक करून पुसली. 'गाडी आली' पुसताना समोरच्या खुर्चीकडे बघवेना. ज्याच्याशी या कामावरून भांडावं, असं आता कुणी उरलं नव्हतं.

शेवटी त्यांचं लॉगिन बंद करायचं होतं. प्रत्येकाला आपापल्या कामांची यादी तिथे लावता येते. भोईरांची मी कधी पाहिली नव्हती. उघडली. सकाळचा साठा, दुपारच्या गाड्या, संध्याकाळचा अहवाल... आणि दुपार-संध्याकाळच्या मध्ये एक ओळ : 'चार वाजता मॅडमना चहाला नेणे'. दाबून पाहिलं. काहीच उघडलं नाही. तिच्यामागे कुठलाच प्रोग्राम जोडलेला नव्हता. बाजूला ओळ टाकल्याची तारीख होती. मी रजेवरून परतले, त्याच दिवसाची.

तेव्हापासून रोज चार वाजले की भोईर उठून "चला, चहा" म्हणायचे. मला वाटायचं, तलफ त्यांची आहे.

'सगळी कामं पूर्ण' असं मी मुख्य कार्यालयाला कळवलं आहे. ते खोटं आहे. भोईरांचं लॉगिन अजून चालू आहे. चारला मी ते उघडते, ती ओळ वाचते आणि चहाला एकटीच जाते.