ट्रॉलीच्या दांडीवरचा लाल ठिपका

मी चौथी शिकले. जावई पुण्यातल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दोन वाक्यांत सांगता येईल ते तो अर्धा तास सांगतो आणि ऐकणारा कंटाळला की त्यालाच अडाणी समजतो. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

पालमला आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. थोरला मुलगा ट्रॉल्या बनवतो. धाकटा त्यातल्याच एका ट्रॉलीतून ऊस ओढतो. ट्रॉली ज्या लोखंडी दांडीनं ट्रॅक्टरला जोडतात ती उतारावर तुटली, तर भरली ट्रॉली धाकट्याच्या पाठीवर येणार. हे कळायला इंजिनिअर लागत नाही.

गेल्या दिवाळीला जावयानं टेप लावून दांडी मोजली आणि लॅपटॉपवर तिचं चित्र काढलं. बहुतेक निळं, मधे थोडं हिरवं-पिवळं, आणि दांडी जिथं आडव्या लोखंडाला मिळते त्या कोपऱ्यात लालभडक ठिपका.

"लाल हाय तिथं तुटतंय का?" मी विचारलं.

"नाही मामी. तो लाल खोटा आहे."

"खोटा हाय तर दाखवता कशाला?"

मग सुरू झाला. म्हणे, कॉम्प्युटर दांडीचे बारीक तुकडे करून प्रत्येकावरचा ताण मोजतो. तुकडे आणखी बारीक केले की त्या कोपऱ्यातला आकडा वाढतच जातो, कुठं थांबतच नाही. बाकी सगळीकडचे आकडे होते तिथंच राहतात. चित्रातला कोपरा सुरीसारखा धारदार असतो, खऱ्या लोखंडात तसा नसतो. म्हणून कोपऱ्यापासून जरा लांबचा आकडा धरायचा, आणि तो ठीक होता.

"पण वेल्डिंग मी यात धरलेलंच नाही," तो थोरल्याला म्हणाला. "ते डोळ्यांनी तपासत राहा. आणि लाल दिसलं म्हणून तिथं पट्टी ठोकू नका. पट्टी संपते तिथं नवं दुखणं सुरू होतं."

"बरं दाजी," थोरला म्हणाला.

जावयाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि थोरल्यानं बरोबर त्या लाल जागेवर जाड पट्टी वेल्ड केली.

"जावयाला जेवू घालायचं, माय. त्याचं ऐकत बसलो तर दुकान कवा चालवू?"

त्या पट्टीवर धाकट्यानं अख्खा हंगाम ऊस ओढला.

यंदा खंडेनवमीला नेहमीसारखी हत्यारांची, गाड्यांची पूजा केली. धाकटी सून दांडीच्या जोडावर दरवर्षी तेलात कालवलेलं हळद-कुंकू थापते. आधीचं कुणी पुसत नाही. यंदा नव्या पट्टीवरही थर चढला. जावई सणाला आला होता. कुंकवाखाली पट्टी दिसली तसा त्यानं चहासुद्धा घेतला नाही. रॉकेलचा बोळा घेतला आणि ओलं कुंकू खरडून काढायला लागला.

सुनेनं हंबरडाच फोडला. "आवो, माझ्या धन्याच्या गाडीचं कुंकू पुसायलेत! सणाच्या दिवशी!"

"हात काढा, जावईबापू," मी म्हणाले. "न्हाईतर आजचं जेवण पाथरीला तुमच्या आईच्या हातचं जेवा."

"ओरडा नंतर," तो म्हणाला आणि पुसत राहिला. सासूशी असं बोलतात का?

लाल ठिपक्याचा कोपरा स्वच्छ निघाला. पट्टीच्या टोकाला, वेल्डिंगच्या कडेनं, केसासारखी काळी रेघ होती.

थोरला वाकला. "तेलाचा वळ हाय."

"नख फिरवा," जावई म्हणाला. "तडा असेल तर अडकेल."

थोरल्यानं नख फिरवलं. अडकलं. दुसऱ्यांदा फिरवलं, पुन्हा तिथंच अडकलं. धाकटा बाजूला उभा होता. तो थोरल्याकडं बघत राहिला. थोरल्याला ती नजर झेपली नाही. त्यानं गॅस कटर पेटवला आणि सणाच्या दिवशीच दांडी कापून काढली.

नवी दांडी बसवली. तिला पट्टी नाही. पूजा करायची तर ट्रॅक्टरच्या हुकाची करा, वेल्डिंगला बोट लावलं तर हात मोडीन, असं मी सुनेला सांगितलं. ती अजून जावयाशी बोलत नाही. थोरला तर त्याच्याकडं पाठ करूनच जेवला.

जावयाला पुरणपोळी मीच वाढली. तो नसता तर धाकटा याच हंगामात त्या दांडीवर भरली ट्रॉली घेऊन उतरला असता, हे मला कळतं. तूप मात्र त्यानं मागेपर्यंत वाढलं नाही.