चौसष्टाव्या पानावरच्या दोन ओळी

टायपिस्टबाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून कुणी जाडजूड पुस्तक हातात दिलं की त्या आधी समास बघतात. डावीकडे बांधणीपुरती जागा सोडलीय का, ते पाहून झालं की मग मजकुराकडे वळतात. धाकटी बहीण चिडवते, “ताई, देवाघरी गेलीस की तारलेल्यांची नावं लिहिलेलं ते जीवनाचं पुस्तकसुद्धा आधी समास बघून उघडशील.”

“उघडीन की. एवढी नावं म्हणजे बांधणी पक्की नको?”

तीस वर्षं त्यांनी ख्रिस्ती धर्मज्ञानाच्या कॉलेजात प्रबंध टाइप केले. जिन्याखालची अरुंद खोली, एक टेबल, एक लोखंडी यंत्र. शेजारी परीक्षेची खोली आणि मध्ये छतापर्यंत न पोचणारी लाकडी भिंत. पदवी झालेले विद्यार्थी पुढं पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अर्थ लावायला शिकत. एकेकजण चार वचनं घेऊन दोन वर्षं बसे आणि दोनशे पानं लिही. बाईंच्या वडिलांची बेकरी होती. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते पावाचे साचे पुसत म्हणाले, “मग प्रभूनं चार ओळींत कसं काय आटपलं गं?”

बाईंचा एकच नियम होता, जसं आहे तसं. कागद, कार्बन, कागद, कार्बन, अशा चार प्रती एका दमात. चूक झाली तर चारही प्रतींवर ब्लेडनं अक्षर खरवडायचं. तळटिपेला किती ओळी लागतील ते आधीच मोजून कडेला पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. मजकुरात काय लिहिलंय त्याच्याशी आपला संबंध नाही. अर्थ त्यांचा, अक्षर आपलं. यंत्राचा तो टणत्कार, कार्बनचा वास, बोटांवरचा निळा डाग, यातलं काही आता कुठं उरलेलं नाही. पण पाऊणशे वर्षांच्या बाईंना अजून दुपारी डोळा लागला की ओळ संपल्याची घंटी ऐकू येते.

तर तो नियम त्यांनी एकदाच मोडला.

एक पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. तिशी ओलांडलेले, बायकोमुलांचे, लांबच्या एका छोट्या मंडळीतून आलेले. मंडळी म्हणजे उणीपुरी अकरा घरं. त्या अकरा घरांनी दोन वर्षं पाळकाविना काढली होती, ‘शिकून या, आम्ही थांबतो’ म्हणून. त्यांचा प्रबंध येशूनं सांगितलेल्या खमिराच्या, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाच्या, दृष्टांतावर होता. एका बाईनं खमीर घेतलं, तीन मापं पिठात लपवलं आणि सगळं पीठ फुगून आलं, एवढीच ती गोष्ट. पाळकसाहेबांनी शोधून शोधून लिहिलं होतं की तीन मापं म्हणजे आजची वीस-बावीस किलो. आणि लगेच पुढच्या ओळीत लिहिलं होतं, ‘घरातली रोजची भाकर करणारी ही साधी गृहिणी’.

ते टाइप करताना बाईंना हसू फुटलं. बावीस किलो! बेकरीत एवढं पीठ मळायला बाबा बाह्या वर करून उभे राहत. घरातली रोजची भाकर कसली?

पण नियम म्हणजे नियम. त्यांनी तसंच टाइप केलं.

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी मार्गदर्शकांनी त्याच, चौसष्टाव्या पानावरची एक तळटीप काढून टाकली. पान पुन्हा टाइप केलं तर खाली दोन ओळी मोकळ्या राहिल्या. पानाच्या पोटात जागा मोकळी सोडलेली कॉलेजला चालत नसे. पुढची ओळ वर ओढावी तर प्रकरण संपेपर्यंत एकोणीस पानं परत, चार-चार प्रतींत. पाळकसाहेब मंडळीतल्या एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला गेलेले, ते थेट परीक्षेलाच उगवणार. फोन करावा तर त्या गावात फोनच नव्हता. बाई त्या दोन ओळींकडे बघत बसल्या. मग जणू दुसऱ्याच कुणाचे हात असावेत तशी बोटं चालली. ‘एवढे पीठ एका घराचे नव्हे. ते भिजवणाऱ्या स्त्रीच्या मनात शंभर माणसांचे जेवण होते.’

बरोब्बर दोन ओळी. पान कसं भरून दिसत होतं! बाईंनी चारही प्रती लावल्या आणि घरी जाऊन शांत जेवल्या. खोटं कशाला सांगा, थोडा आनंदही झाला होता.

पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा. भिंतीपलीकडून बाहेरून आलेल्या परीक्षकांचा खडा आवाज आला. “सगळ्या प्रबंधात मला एकच जागा जिवंत वाटली. पान चौसष्ट. हे शंभर माणसांचं जेवण तुम्ही कुठून आणलंत?”

पाळकसाहेबांनी घाईघाईनं पानं उलटल्याचा आवाज आला.

“वरच्या ओळीत म्हणता रोजची भाकर, खालच्या ओळीत म्हणता शंभर माणसं. नक्की काय? कुणाचं उचललंय?”

“सर... हे वाक्य... मला आठवत नाही.”

“स्वतःचं वाक्य आठवत नाही? मग बाकीचं तरी कोणी लिहिलं?”

बाईंनी यंत्रावरची बोटं उचलली. दुसऱ्याचं उचललं असं ठरलं तर पदवी गेलीच, वर कॉलेजातून नाव काढतील. अकरा घरं वाट बघत बसलेली. आणि बोलावं तर आपली नोकरी. त्यांनी मनात एवढंच म्हटलं, ‘प्रभो, आता तोंडात शब्द तूच घाल,’ आणि जाऊन दार ढकललं.

“ते माझं आहे. जागा उरली होती म्हणून मी भरली. यांना काही ठाऊक नाही.”

प्राचार्यांचा चेहरा उतरला. “बाई! तुम्ही? इतक्या वर्षांत एक स्वल्पविराम हलवला नाहीत!”

परीक्षकांनी चष्मा काढला. “तुम्हाला कसं कळलं शंभर माणसं?”

“आमची बेकरी आहे, साहेब. तेवढ्या पिठाचा पाव शंभरांना पुरतो. उरतोसुद्धा.”

परीक्षकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग पाळकांकडे वळले. “वाक्य खरं आहे, पण तुमचं नाही. आठ दिवस देतो. ते तुमचं करून आणा, नाहीतर प्रबंध परत.”

बाहेर आल्यावर पाळकसाहेबांनी मनातला सगळा राग काढला. “बाई, तुम्ही मला बुडवलंत. भरायला माझंच एखादं वाक्य दोनदा टाकायचं होतंत!”

“चुकलं माझं. पाया पडू का?”

“पाया नका पडू. बेकरी कुठंय ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, संध्याकाळच्या पावाचं पीठ भिजवायच्या वेळेला, ते हजर. बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, अंगातला कोट काढायला लावला, हात कोपरापर्यंत धुवायला लावले आणि बावीस किलो पीठ मोजून लाकडी काथवटीत ओतलं.

“हं, मळा.”

दहा मिनिटांत पाळकसाहेबांना धाप लागली. बाबा स्टुलावर बसून बघत होते. “पाळकसाहेब, कुरवाळताय काय? मांजर नाही ते. खांद्यातून जोर लावा!”

“खमीर कुठं गेलं हो? आत्ता तर इथं घातलं होतं.”

“आता कुठं शोधता? ते गेलं. दिसेना झालं तरी मळत राहायचं.”

आठ दिवस रोज ते आले. बोलले फारसं नाहीत. चौथ्या दिवशी बाईंनी पाणी नेऊन दिलं, तर ते फक्त म्हणाले, “ही दृष्टांतातली बाई वेडी होती का हो?” आणि पुन्हा वाकले.

नवव्या दिवशी बाई यंत्रावर हात ठेवून बसून राहिल्या. एक अक्षर टाइप झालं नाही.

“हं,” भिंतीपलीकडे परीक्षक म्हणाले, “चौसष्ट.”

“सर, आधीची ओळ मी खोडतो. रोजची भाकर नाही. दृष्टांतात जेवायला येणाऱ्या पाहुण्यांचा उल्लेख नाही. म्हणजे ते आलेले नव्हते. कोण येणार तेही तिला ठाऊक नसेल. तरी हात मोडेस्तोवर ती पीठ मळत होती.” पाळकसाहेब थांबले. “माझी मंडळी अकरा घरांची आहे, सर. आजवर मी अकरा घरांपुरतंच पीठ भिजवत होतो.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कागदावर सहीची करकर.

भिंतीअलीकडे बाईंनी डोळे मिटले. सुटल्यासारखं वाटलं, आणि आत कुठंतरी थोडं टोचलंही. जन्मात लिहिलेलं एकच वाक्य, ते आता आपलं राहिलं नव्हतं. बाईंच्या स्वतःच्या मनात ते एवढ्या लांबवर कधी गेलंच नव्हतं.

पाळकसाहेब बाहेर आले आणि खोलीच्या दारात उभे राहिले.

“झालं, बाई.”

“हात दुखताहेत का?”

“मानेपासून.”

“अजून आठवडाभर दुखतील,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना बसायला स्टूल पुढं सरकवलं.