लाल ताऱ्यावरचा संशय

संशयी माणसाकडे किस्से आपोआप साठतात. माझ्याकडे तर भौतिकशास्त्राची डॉक्टरेटही आहे, म्हणजे संशय सरकारमान्य!

निवृत्तीनंतर मी राऊ गावातल्या एका कॉलेजात केतकी या तरुण संशोधिकेला मदत करतो. तिचा विषय एका लाल ताऱ्याभोवतीचा ग्रह. तो ताऱ्यासमोरून जाताना थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळला जातो आणि हवेत काय आहे ते कळतं. केतकीला तिथे पाण्याची वाफ दिसली. पेपर तयार होता, फेलोशिप संपत आली होती. अडलं होतं माझ्या सहीवर.

"आणि त्याच वेळी ताऱ्यावर भडका, म्हणजे फ्लेअर, उडाला असेल तर?" मी विचारलं. प्रकाश मध्येच उसळला, की वाफ ग्रहाची की ताऱ्याचा खोडसाळपणा, कोण सांगणार?

"सर, दोन मोठे फ्लेअर काढून टाकलेत ना मी."

"आणि लहान?"

तिने लॅपटॉप मिटला. "चला सर, पोहे खाऊन येऊ."

*

ठेल्यावर तिचा सहकारी विवेक पोहेवाल्याला इथल्या हिंदीत म्हणाला, "भिया, सरांना शेव ज्यादा मत देना, शक करेंगे!"

सगळे हसले. मीही हसलो. पण शेव खरंच जास्त होती. का?

*

चिडून केतकीने संशयास्पद दिसेल ते सगळं कापलं. "घ्या सर! आता एकही फ्लेअर नाही."

मी ग्राफ पाहिला. "ग्रह कुठाय?"

"तोही गेला."

पुन्हा जुन्या डेटावर आलो.

*

घरी बायकोला विचारलं, "मी त्या पोरीला उगाच अडवतोय का गं?"

"लग्नाआधी माझ्या वयाचा दाखला कुणी मागितला होता?"

मीच. तो दाखला मला अजूनही खरा वाटत नाही!

*

शेवटी चाचणी ठरली. आमच्यात रीतच आहे: डेटाच्या प्रतीत गुपचूप खोटे भडके मिसळायचे, समोरच्याने ते शोधायचे. सगळे सापडले तर मी सही करणार. मी तीन मिसळले; किती, ते तिला सांगितलं नाही. जागा वहीत लिहून वही कपाटात कुलूपबंद केली.

दोन दिवसांनी केतकी पेढे घेऊनच आली.

"चारही पकडले, सर! चौथ्यात तर हद्द केलीत. एवढासा भडका, आणि ग्रह ताऱ्यासमोर असतो ऐन त्या वेळात लपवलात! मानलं बुवा तुम्हाला!"

मी कुलूप काढलं. वही उघडली. दोनदा मोजले.

"सर, सही?" तिने पेन पुढे केलं.

वहीत तीनच होते. चौथा मी नाही, ताऱ्यानेच लपवला होता.