माहुलीच्या उतारावरची नाचणी

शेणवे गावच्या नवसूला माहुलीचा किल्ला मोगलांकडे गेल्याचं दुःख होतं. किल्ला जाऊन साडेतीनशे वर्षं झाली होती, ही गोष्ट वेगळी. खाचरात उभं राहिलं की समोर माहुलीचे सुळके दिसत, आणि आवणीला भाताची रोपं लावता लावता त्याचा हात थांबे. सुळक्याला ढग टेकला की त्याला वाटे, वर कुणीतरी चूल पेटवलीय. मग त्याची बायको लहानी शेजारच्या ओळीतून म्हणे, "पोचलात का वर? आता खाली या, रोपं सुकतात."

दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात. नवसू पस्तिशीतही करी. पण मावळे नुसते उभे ठेवणं त्याला पटेना. एवढे तलवारी उपसून आलेत, त्यांना काही काम नको? म्हणून त्यानं जुन्या दाराच्या फळीवर माहुली रचली, फळी टेबलावर चढवली आणि लढाई खेळायला काढली. फोडलेले चार चिंचोके फेकायचे; जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी पावलं पुढे. वेढा घालणारे पुष्कळ, गडावरचे थोडे, कारण पुस्तकात तसंच होतं. आणि नवसू खेळात खोटं करत नसे. त्यामुळे दर दिवाळीला माहुली पडे, आणि भाऊबीजेचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसे.

अठ्ठ्याण्णव साली मुरबाडला टेबलावरच्या लढायांचं प्रदर्शन भरायचं ठरलं, तेव्हा नवसूनं मनात एकच मागणं धरलं: चारचौघांसमोर, खरं खेळून, एकदा तरी माहुली वाचावी.

गड देखणा हवा म्हणून गणपती उठल्यावर त्यानं फळीवरच्या उतारावर नाचणी पेरली. माती घेतली ती राबाची, पालापाचोळा नि शेण जाळून रोपांसाठी भाजलेली. चांगली माती दारात असताना शेतकऱ्याचा हात वाईट मातीकडे जाणार कसा? राबानं आपलं काम चोख केलं. दिवाळीनंतर मुरबाडला टेम्पोतून उतरलं ते कणसाला आलेलं शेत; मधोमध माहुलीचं टोक तेवढं वर.

परीक्षक भगीरथ सर, आयुष्यभर इतिहास शिकवलेले, वाकून वाकून बघत राहिले. मोगल कुठे आहेत, त्यांनी विचारलं.

"हायेत. आत," नवसू म्हणाला.

मोगलांच्या बाजूनं खेळायला धसईचा चांगो पुढे झाला. तो बाजारात तांदूळ विकून सहज आत डोकावला होता. त्यानं चिंचोके फेकले. चारही पांढरे. चांगोनं पिकात बोटं घालून एक मोगल अलगद वर काढला, आणि तो हातात धरून तसाच उभा राहिला.

"नाय जमनार," तो म्हणाला. "कनीस धरलंय. उभ्या पिकातना फौज कशी नेऊ?"

सरांनी समजावलं, की फौजा पिकं तुडवतच जातात, इतिहासात तसंच झालेलं आहे. चांगोनं मान डोलावली. "त्यांनी नेली असंल. मी नाय नेनार."

सरांनी जमलेल्यांना विचारलं. कुणी पुढे येईना. एका बाईनं उलट मातीत बोट खुपसून पाणी कमी पडतंय म्हणून नवसूलाच झापलं. शेवटी सरांनी स्वतः मोगल हातात घेतला, कणसांवर धरला, आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिला.

"मग किल्ला पडणार कधी?"

"कापनी झाल्यावर," चांगो म्हणाला.

इतिहासाला धरून नाही म्हणून नंबर मिळाला नाही. सर मात्र संध्याकाळपर्यंत खुर्ची ओढून तिथंच बसले होते. त्यांच्या शेजारी नवसू, हनुवटी फळीला टेकवलेली. पंख्याच्या वाऱ्यानं नाचणी हले, आणि त्याला माहुलीवर धूर दिसे.

फळी घरी आली. लहानी रोज सकाळी विळा घेऊन विचारी, "कापू का?"

"राहू दे अजून," नवसू म्हणे.