मुहूर्ताची पावती

माझं डोकं लवकर तापतं, हे घरच्यांना ठाऊक आहे आणि सेलूतल्या निम्म्या दुकानदारांनाही. मी कंप्युटरची, कॅमेऱ्यांची, वायफायची कामं करतो. फोन करणारा प्रत्येक जण "आमी काहीच केलं न्हाई, आपोआप बंद पडलं" असंच सांगतो. वीज पडली तर गोष्ट वेगळी, नाहीतर आपोआप बंद पडलेलं नेटवर्क मी अजून बघितलेलं नाही.

त्या दसऱ्याला मी नुकता ताटावर बसलो होतो, तेवढ्यात गावाबाहेरच्या जिनिंगमधून मुनीमजींचा फोन आला. दसऱ्याला तिथं कापूस खरेदीचा मुहूर्त असतो. पहिली गाडी काट्यावर चढते, नारळ फुटतो, शेतकऱ्याच्या खांद्यावर शाल पडते आणि पावती नंबर एक त्याच्या हातात देतात. मुहूर्त साडेअकराचा होता आणि दहा वाजता मुनीमजी सांगत होते, "तमाम बंद पडलंय. काटा वजन दावायलाय, पण कंप्युटरपर्यंत ते पोचंना. पावती निघंना."

"हात कुणी लावला?"

"कुणीच न्हाई."

मी पोळी तशीच ठेवून उठलो. बायको म्हणाली, "सणासुदीचं कुणावर वसकू नका." मी वसकतच नाही, असं तिच्यावर वसकून निघालो.

जिनिंगच्या फाटकाशी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती. सगळ्यात पुढच्या ट्रॉलीत, कापसाच्या ढिगावर, साठीची एक बाई मांडी घालून बसली होती. पाथरीकडच्या एका खेड्यातून ती पहाटेच निघाली होती, हे मला तिनंच सांगितलं.

"तूच का वायरवाला? कवाची तुझी वाट बघायलेय."

"मावशी, उतरा की. सावलीत बसा."

"उतरले की कुणी तरी पुढं घुसंल. हितंच बरी हाय मी."

मी आत जाणार, तर मुनीमजी एक कागद घेऊन बाहेर आले. मशीन बंद, म्हणून त्यांनी पावती हातानं लिहिली होती. मावशीनं कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

"हे मालकाचं नाव हाय. मालक जाऊन चार वर्सं झाली."

मुनीमजी ओशाळले. "इतकी वर्सं हेच नाव लिवलं बाई, हाताला सवय पडली." त्यांनी ते खोडून तिचं नाव लिहिलं. मावशीचं समाधान झालं नाही.

"ही कच्ची झाली. पक्की?"

"पक्की मशीनमधूनच निघती. मशीन चालू झालं की देऊ."

"मंग तवर ह्या मागच्यांची वजनं झाली, तर नंबर एक कुणाचा?"

मुनीमजी मागच्या मोठ्या ट्रॉल्यांकडं बघत राहिले. इतक्यात शेठजी आले. ते म्हणाले, मुहूर्त थांबत नसतो, साडेअकराला नारळ फुटणारच, कच्च्या चिठ्ठीवर भागवून घ्या, पक्क्या पावत्या उद्या जमतील तशा काढू.

मावशीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "शेठ, तीस वर्सं कापूस मी येचला अन् पावतीवर नाव मालकाचं. मालक गेले, तर दीर म्हणले सातबारा आमच्याकडं असू द्या. मी तलाठ्याच्या दारात बसून माझं नाव लावून घेतलं. औंदा पह्यल्यांदा तुमच्या मशीनमधी माझं नाव हाय. मला शाल नको. नंबर एकची पक्की पावती पायजे."

मला ती बाई एकदम आवडली. म्हटलं, हिला आज पावती मिळालीच पाहिजे.

ऑफिसात सगळ्या वायरी ज्या डब्यात एकत्र येतात, त्याचे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे फडफडत होते. सगळं बंद करून चालू केलं. दोन मिनिटं नेटवर्क चाललं, माझ्या जिवात जीव आला आणि पुन्हा सगळं ठप्प. मग मी उंदरांवर संशय घेतला, जुन्या वायरींवर घेतला, मुनीमजींवर तर घेतलाच. अर्धा तास टेबलाखाली सरपटत एकेक वायर तपासली. कुठं दातही लागलेला नव्हता.

अकरा वाजून गेले. मी बाहेर येऊन खांबावरची वायर बघत होतो, तर मावशीनं वरून विचारलं, "नवीन काय आणलंय ह्यात?"

"कुठं काय?"

"घरात खामखा भांडण सुरू झालं, की मी आधी नव्यानं आलेल्याकडं बघते."

नवीन होत्या त्या माझ्याच तीन पांढऱ्या पेट्या. शेठजींना सगळ्या आवारात वायफाय हवं होतं, म्हणून श्रावणात मी लावल्या होत्या. ऑफिसातली पेटी वायरीवर, तिच्याशी हवेतून बोलणारी दुसरी मशीनघरात आणि तिसरी काट्याच्या केबिनमध्ये. इतका वेळ सगळ्यांवर संशय घेतला, पण त्या पेट्यांकडं बघितलंसुद्धा नव्हतं, कारण त्या मी लावलेल्या. माझी मलाच लाज वाटली.

पळत जाऊन मशीनघरातली पेटी बंद केली. फरक नाही. काट्याच्या केबिनमधली बंद केली आणि मुनीमजी ऑफिसातून ओरडले, "आलं, वजन आलं."

पेटी भिंतीवरून उतरवली. तिच्या कपाळावर हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. आणि मागं एक वायर खोचलेली, जी तिथं असायलाच नको होती. वायरीच्या टोकालाही कुंकवाचं बोट होतं.

मुनीमजी धापा टाकत आले, त्यांनाच दाखवलं. म्हणाले, "काल खंडेनवमी. पूजेला सगळं पुसून घेतलं. ही वायर लोंबकळायली व्हती. वाटलं, पुसताना निसटली. भोक रिकामंच व्हतं, घातली. तिला बी कुंकू लावलं."

वायरीचं दुसरं टोक केबिनमधल्या, ऑफिसातल्यासारख्याच एका छोट्या डब्यात होतं आणि तो डबा वायरीनं ऑफिसला जोडलेला. म्हणजे ऑफिसातून निघालेला निरोप हवेतून पेटीत, पेटीतून वायरीनं परत ऑफिसात आणि पुन्हा हवेत. तेच निरोप गरागरा फिरत राहिले आणि काट्याच्या वजनाला वाटच उरली नाही.

मुनीमजींवर तोंड सोडणार होतो. तोंड उघडलंही. मग आठवलं, पुढं कॅमेरा लावायला होईल म्हणून ती वायर तिथं लोंबकळत ठेवून गेलो होतो मीच. त्या माणसानं तर भक्तिभावानं माझा पसारा आवरला होता. मी तोंड मिटलं आणि वायर काढून खिशात घातली. पेटी पुन्हा चालू केली, फूल परत वर ठेवलं. दिवे शांत लुकलुकायला लागले.

साडेअकराला पाच कमी असताना मावशीची ट्रॉली काट्यावर चढली. नारळ फुटला. पावती सर्रकन बाहेर आली आणि मुनीमजींनी ती मोठ्यानं वाचली, नंबर एक आणि पुढं तिचं अख्खं नाव. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल नको म्हणणाऱ्या बाईनं शालही घेतली. पदरानं डोळे पुसत ती हसत होती आणि मीही उगाच चष्मा पुसत होतो.

मग ती खाली उतरली, माझ्याजवळ आली. "अजून एक काढ की अशीच."

"निघेल मावशी, पण तिच्यावर डुप्लिकेट असं छापून येतं."

तिनं हातातल्या पावतीची नीट घडी घालून ती कमरेला खोचली.

"येऊ दे. असली माझ्यापाशी ऱ्हाईल. डुप्लिकेट मालकाच्या फोटोपुढं ठेवते. तीस वर्सं असली त्यांच्याच खिशात व्हती, आता येवढं चालंल त्यांना."